पूर्वेच्या भिंतीतली खिडकी

कुणी म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, गवंड्यानं नाही, पोटच्या पोरीनंही नाही. थोरलीच्या, घरातल्या मोठ्या सुनेच्या, तोंडी लागायची एरवी कुणाची छाती नव्हती, पण या एका गोष्टीवरून सगळे तिच्या पाठीमागे हसले.

गोष्ट साधी होती. तिला उजेड हवा होता. पुढच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे शिवायची, आणि वर्षभरात डोळे असे अधू झाले की सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारावी लागे. मग एका मासिकातलं युरोपातल्या घराचं चित्र फाडून तिनं मशीनसमोर टाचलं आणि पदर खोचला. मधली भिंत पाडली, अंधारं कपाट हलवलं, सगळीकडे पांढरा रंग, फिकी फरशी, एका बाजूला माणूसभर उंच आरसा. उरली होती पूर्वेची खिडकी.

हे घर तिच्या सासूनं, माईनं, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. गवंडीकामात माई पुरुषांना ऐकायची नाही. भिंतीचा गिलावा झाला की खालच्या कोपऱ्यात ओल्यातच चार बोटं दाबायची. त्यातलं मधलं बोट अर्धं, विटेखाली सापडून तुटलेलं. पूर्वेला तिनं खिडकी ठेवलीच नव्हती. "उजेड शिरला की घर आपलं राहत नाही," म्हणायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

गवंड्यानं सकाळी भिंतीत भगदाड पाडलं. थोरलीनं खोलीला कुलूप घातलं, सगळे जेवले. येऊन उघडलं, तर भिंत सलग.

तीन दिवस हेच.

"वहिनी, बाहेरून विटा ओबडधोबड आहेत," गवंडी हळूच म्हणाला. "गिलावा आतून घोटलाय. घोटणारा आत उभा होता... आणि किल्ली तुमच्या कमरेला."

"दोरा ओवता येईना मला, आणि भिंती घोटीन?"

"तुझं काही सांगता येत नाही, बाई," नवरा हसला.

चौथ्या दिवशी गवंडी आलाच नाही. थोरलीनं स्वतः घण मारून भगदाड पाडलं, नवऱ्याला मनगट धरून आत बसवलं आणि आतून कडी घातली. भर दुपार. उजेड फरशीवर पसरलेला. जेवणाची वेळ झाली तसा ओल्या सिमेंटचा वास आला. मग पाठीमागून आवाज... खर्र... खर्र... थापी फिरल्यासारखा.

"अगं... आरशात बघ," नवरा पुटपुटला.

आरशातली भिंत सलग होती. दोघांनी झटकन वळून पाहिलं. फरशीवरचा उजेड गेलेला. गिलावा अजून ओला होता, आणि खालच्या कोपऱ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत बोटं उमटत होती. एक. दुसरं, अर्धं...

नवरा कडीकडे सरकला. "जाऊ दे खिडकी. तुझ्या पाया पडतो."

"चार दिवस मला वेडी म्हणालात. आता बघा नीट."

चौथं बोट उमटलं. पण दाबणारा हात निघाला नाही. गिलावा तिथं आत-आत दबत राहिला.

थोरलीनं घण उचलला, दोन्ही हातांनी, खांद्याच्या वर.

"माझे डोळे चाललेत," ती भिंतीला म्हणाली. "मी रोज फोडीन. हात काढा, माई."