डावखुरीचा ग्लव्ह

उत्तमराव देवपुजारींनी चोवीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका बेसबॉल खेळणाऱ्या मुलीचं, चारच ओळींचं होतं.

"सर, थर्ड बेसला माझा पाय लागला होता की नव्हता? पंचांनी नाही म्हटलं, माझी धाव गेली आणि आपण फायनल हरलो. गावात सगळे म्हणतात, सिंधूनं घाईत बेस चुकवला. तुम्ही स्कोअररच्या टेबलावर अगदी समोर होता. मला एवढंच कळवा."

खाली पातूरचा पत्ता होता.

पाय लागला होता. उत्तमरावांनी तो पाहिला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि हे 'वाटत होतं'च आडवं आलं. पंचांच्या निर्णयावर स्कोअररनं बोलायचं नसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पत्र स्कोअरबुकाच्या पुठ्ठ्याला केलेल्या खिशात गेलं. पुस्तकं भरत गेली, बदलत गेली. पत्र दरवेळी नव्या खिशात जात राहिलं.

आता उत्तमराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अकोल्यात जुन्या शहरात राहायचे. आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते, आणि सुट्टीत बेसबॉलचे स्कोअरर. दोन्ही कामांत बोलावं लागत नाही, म्हणून दोन्ही आवडायची.

त्या फेब्रुवारीत मुलींची आंतरविद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धा अमरावतीत भरली होती. स्कोअररच्या कामासाठी उत्तमराव आठवडाभर तिथंच उतरले होते. फायनल रविवारी, सकाळी दहाला. सातला त्यांचा फोन वाजला. स्पर्धेचा सचिव शेखर बोलत होता.

"सर, लगेच होस्टेलवर या. श्रावणीचा ग्लव्ह पळवला कोनी तरी."

"मी? मी येऊन काय करू?"

"लिहायचं हाय, सर. समितीपुढं लेखी पायजे. तुमचं अक्षर चांगलं हाय."

उत्तमराव पोचले तोवर ग्लव्ह सापडला होता.

तो टेबलावर पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली चामडी जाळी लोंबत होती. तिच्या वाद्या कुणीतरी ब्लेडनं कापल्या होत्या. शेजारी यजमान विद्यापीठाच्या संघाची मुख्य पिचर श्रावणी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. उजव्या हाताची बोटं नुसती उघडमीट करत होती.

श्रावणी डावखुरी. चेंडू डाव्या हातानं टाकायचा, म्हणजे ग्लव्ह उजव्या हातात. तसा ग्लव्ह संघात एकच होता, आणि अमरावतीच्या कुठल्याही दुकानात मिळणारा नव्हता. तिचं हे स्पर्धेचं शेवटचं वर्ष. आज राष्ट्रीय शिबिराचे निवडकर्ते फक्त फायनल पाहायला आले होते.

"कुठं सापडला?" उत्तमरावांनी विचारलं.

"करिश्माच्या बॅगेत," संघाच्या मॅनेजर दीपमाला मॅडम म्हणाल्या. "मीच म्हटलं, सगळ्यांच्या बॅगा तपासा."

करिश्मा ही दुसरी पिचर. श्रावणी नसती तर चेंडू तिच्या हातात आला असता. ती दाराशी उभी होती, आणि बाकीच्या मुली तिच्यापासून चार हात लांब.

"साडेनऊला नावांची यादी द्यायची हाय," शेखर म्हणाला. "तोवर कागद झाला का हिले घरी पाठवतो. मंग पिचिंग रागिणीकडं."

रागिणी तिसरी पिचर. दीपमाला मॅडमच्या बहिणीची मुलगी. ते कुणी लपवलं नव्हतं, आणि पोरगी खेळायलाही बरी होती. ती खाली मान घालून बुटाची नाडी पुन्हापुन्हा बांधत होती.

उत्तमरावांनी कागद पुढं ओढला. "मी फक्त लिहून घेतो," ते सगळ्यांना म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

पहिली श्रावणी.

"ग्लव्ह शेवटचा कधी पाहिला?"

"काल पाच वाजता, सर. प्रॅक्टिस झाली अन् किट बॅगमदी टाकला. मंग मी खांदा शेकाले फिजिओकडं गेली. आठले आली."

"किट बॅग कुठं होती?"

"मॅडमच्या खोलीत. किशोर सरांनी नेऊन ठेवली."

किशोर सर म्हणजे कोच. त्यांनी मान हलवली. "साडेसहाला शेजारच्या रिकाम्या खोलीत पूजा केली. फायनलच्या आदल्या दिवशी आम्ही बॅट, ग्लव्ह, सगळं सामान पूजेत मांडतो. दसऱ्याला शस्त्रं मांडतात तसं. मी नारळ फोडला, मॅडमनी कुंकू लावलं. एकदा पूजेत बसलं की सकाळपर्यंत सामानाला कुणी हात लावत नाही. रीतच आहे."

"ग्लव्ह मोजले होते?"

"देवापुढं काय मोजायचं, सर? ढीग होता."

मग दीपमाला मॅडम. त्या नीट, थांबून थांबून सांगत होत्या. उत्तमरावांना लिहायला सोपं जात होतं.

"सामान मी स्वतः मांडलं. प्रत्येक ग्लव्हच्या तळव्याला कुंकू लावलं. श्रावणीच्या ग्लव्हला तर मुद्दाम दोन बोटं लावलं. म्हटलं, पोरीचं शेवटचं वर्ष आहे. म्हणजे साडेसहाला ग्लव्ह तिथं होता. रात्री त्या खोलीत करिश्मा एकटीच होती."

"एकटी का?"

"ती आठ वाजता आली. खाटा भरल्या होत्या. पूजेच्या खोलीत सतरंजी टाकून झोपली. दाराला आतून कडी."

"हे सगळं असंच लिहू?"

"असंच लिहा. मी सही करते."

त्यांनी सही केली. खाली रेघसुद्धा ओढली.

शेवटी करिश्मा. पातूरची पोरगी, घरचा फुलांचा मळा. आठवडाभर उत्तमराव तिला पाहत होते. बेसवरून जाताना ती पाय असा आपटायची की धुरळा उडायचा.

"काल दिवसभर कुठं होतीस?"

"अकोल्याले. दोन ते पाच पेपर होता. पेपर देऊन एसटीनं आली. हे पाहा तिकीट."

"सकाळी?"

"साडेपाचले मॅडमनं उठवलं. मी आंघोळीले गेली. आली तं इथं बोंबाबोंब."

"ग्लव्ह तू घेतला?"

"घेतला असता तं सोताच्या बॅगेत ठेवला असता काय, सर? मी येडी हाय?"

कुणीतरी हसलं. शेखर गुरकावला, "जास्त बोलू नको."

"बोलू नको तं काय करू? शाळेत सिंधू मॅडमनं शिकवलं, चूक नसन तं मान खाली घालाची नाई."

उत्तमरावांचं पेन थांबलं.

"कोण सिंधू मॅडम?"

"आमच्या पातूरच्या. त्याइनंच मले बॉल धराले शिकवला. मॅडम म्हनतात, बेसवर पाय असा आपट, का टेबलावरच्या म्हाताऱ्यालेबी दिसला पायजे."

खोलीत आता बरेच जण हसले. उत्तमराव हसले नाहीत. त्यांचे कान तापले. हात स्कोअरबुकाच्या पुठ्ठ्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"लिहिलं ना, सर?" शेखरनं घड्याळ पाहिलं. सव्वाआठ.

"जरा... जरा थांब. मी तोवर हा ग्लव्ह शिवून पाहतो."

"शिवून?"

"पुस्तकं शिवली आहेत जन्मभर. दोर मेण लावलेला आहे. एक सामना निघेल."

त्यांच्या पिशवीत दाभण कायम असायचं. ते ओट्यावर उन्हात बसले. दाभण चामड्यात घातलं, दोर ओढला, गाठ मारली. हात चालत होता, पण मन जागेवर नव्हतं. काहीतरी खटकत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं. आपल्याला नेहमीच काहीतरी खटकतं, त्यात काय एवढं, असंही वाटत होतं.

झाडू घेऊन गंगूबाई आल्या. होस्टेलची साफसफाई त्यांच्याकडं.

"बरं झालं बाप्पा, तुमी तरी कचरा नाई करून रायले. काल सांजच्याले तिकडं तुमचा नारळ फुटून रायला होता, अन् इकडं मी जोड्याच्या वाद्यांचे तुकडे झाडून रायली होती. काहून कापतात खोलीत बसून, कोन जाने."

उत्तमरावांनी नुसतं हं केलं. ते शिवत राहिले. जाळी बसली. त्यांनी ग्लव्ह उलटा केला, तळवा रुमालानं पुसला आणि रुमाल पाहिला.

रुमालाला नुसतं तेल लागलं होतं.

त्यांनी रुमाल पुन्हा एकदा तळव्यावर घासून पाहिला. मग घाईनं उठले आणि गुडघा ओट्यावर आपटला. "गंगूबाई, ते तुकडे कुठल्या खोलीत होते?"

गंगूबाईंनी सांगितलं. उत्तमरावांनी त्यांना सोबत यायची विनंती केली. दोनदा केली, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

नऊ वाजले होते. पूजेच्या खोलीत सगळे जमले. ग्लव्ह अजून पाटावर होते, पुढं फुटका नारळ.

"माझं चुकत असेल कदाचित," उत्तमरावांनी सुरुवात केली.

"सर, तुम्ही लिहायला आला आहात," दीपमाला मॅडम म्हणाल्या. "सही झाली आहे. उगाच उशीर कशाला?"

उत्तमराव गप्प झाले. एवढंच पुरायचं नेहमी. शेखरनं कागदासाठी हात पुढं केला. दाराशी उभ्या करिश्माची मान अजून ताठ होती, पण हनुवटी हलत होती. पुठ्ठ्याच्या खिशात ते पत्र होतं.

त्यांनी कागद दिला नाही.

"मी ग्रंथपाल होतो. दसऱ्याला लोक पुस्तकांना कुंकू लावायचे. मी दरवर्षी चिडायचो, कारण एकदा लागलेलं कुंकू निघत नाही. पानात उतरतं. चामड्याच्या बांधणीवर तर कायमचं. आणि तेल पाजलेलं चामडं असेल तर विचारूच नका."

त्यांनी पाटावरचा एक ग्लव्ह उचलला. तळव्यावर लाल ठिपका होता. ओल्या रुमालानं त्यांनी तो घासला, साबण लावून पुन्हा घासला. रुमाल लाल झाला. ठिपका पसरला, फिकटला, पण चामड्याच्या रेघांमध्ये तसाच राहिला.

मग त्यांनी श्रावणीचा ग्लव्ह उघडून धरला. तळवा तपकिरी होता, स्वच्छ. लाल कणसुद्धा नव्हता.

"याला दोन बोटं कुंकू लावलं, असं या कागदावर आहे."

किशोर सर पुढं झाले. त्यांनी ग्लव्ह उजेडात धरून पाहिला. "याला कुंकू लागलेलंच नाही."

"लागलेलंच नाही. म्हणजे हा पूजेत नव्हताच. पाच ते साडेसहा, किट बॅग खोलीत होती, तेव्हाच तो बाजूला निघाला. त्या वेळी करिश्मा अकोल्यात पेपर देऊन एसटीत बसली होती."

"घाईत एखादा राहिला असेल लावायचा," मॅडम म्हणाल्या. "माणूस विसरतो."

"विसरतो. मग 'मुद्दाम दोन बोटं' आठवलं कसं?" उत्तमरावांनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ग्लव्ह साडेसहाला पूजेत होता असं ठरलं, तरच चोरी रात्रीची ठरते. आणि रात्रीची ठरली, तरच करिश्माची. गंगूबाई, तुकडे कुठं होते?"

"मॅडमच्या खोलीत. खाटीखाली. मले वाटलं जोड्याच्या वाद्या हायेत."

"कधी?"

"सांगतलं नं, नारळ फुटून रायला होता तवा."

"वाद्या पूजेच्या आधीच कापल्या होत्या. साडेपाचला करिश्माला उठवून आंघोळीला पाठवलं, ग्लव्ह तिच्या बॅगेत गेला, आणि बॅगा तपासायची सूचनाही तिथूनच आली. ग्लव्ह कापला म्हणून श्रावणी बाहेर. चोरी केली म्हणून करिश्मा बाहेर. मग चेंडू एकीच्याच हातात राहतो."

कुणी रागिणीकडं पाहिलं नाही. तीच उठली.

"मावशी, मी मागतलं होतं काय?"

दीपमाला मॅडम पाटाशेजारी खाली बसल्या. "तीन वर्षं बेंचवर बसली आहेस तू," त्या म्हणाल्या. "तुझी आई मला रोज विचारते, तिला कधी खेळवणार. एकदा, निवडकर्त्यांसमोर, एकच दिवस..."

"असा दिवस मले नाई पायजे."

रागिणीनं पाटावरचं कुंकू बोटावर घेतलं, श्रावणीच्या ग्लव्हच्या तळव्याला लावलं आणि ग्लव्ह तिच्या हातात दिला. शेखरनं उत्तमरावांचा कागद घेतला. मागच्या बाजूला, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात, त्यानं दुसरं निवेदन लिहायला घेतलं. करिश्मापुढं जाऊन तो नुसताच उभा राहिला.

"काही बोलू नका, सर," करिश्मा म्हणाली. "यादीत नाव लिवा, बस्स."

दीपमाला मॅडम त्या दिवशी मैदानावर आल्या नाहीत. त्यांचं काय करायचं, ते समिती ठरवणार होती.

मेणाचा दोर सात डाव टिकला. श्रावणी दमल्यावर शेवटचे दोन डाव करिश्मानं टाकले. त्यातल्या आठव्या डावात, आपली फलंदाजी आल्यावर, ती सेकंडवरून निघाली, थर्ड बेसवर तिचा पाय धाडकन आपटला, आणि ती होमला पोचली. समोरच्या संघाच्या कोचनं बेसकडं पाहिलं. तिथं बुटाचा ठसा होता. बेस चुकल्याचं अपील कुणी केलं नाही. उत्तमरावांनी चौकोनात एक धाव मांडली. सामना त्या एका धावेनं जिंकला गेला, आणि निवडकर्त्यांनी त्यांच्याकडून दोन नावांची स्पेलिंगं विचारून घेतली.

संध्याकाळी अकोल्याच्या गाडीला अवकाश होता. बसस्थानकाच्या बाकावर त्यांनी मांडीवर स्कोअरबुक ठेवलं आणि वर कागद. पहिले दोन कागद फाटले. त्यांत कारणं फार होती. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं :

"चि. सिंधू, तुझा पाय थर्ड बेसला लागला होता. मी पाहिलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हे पत्र कुणालाही दाखव. तुझी करिश्मा पाय छान आपटते. टेबलावरच्या म्हाताऱ्याला दिसला. – उत्तम देवपुजारी, स्कोअरर."

पाकिटावर त्यांनी जुन्या पत्रावरचा पत्ता उतरवला. त्याखाली करिश्माला विचारून घेतलेलं शाळेचं नावही लिहिलं, चुकायला नको म्हणून.

रस्त्यापलीकडं टपालपेटी होती. पाकीट तोंडात अर्धं गेलं आणि त्यांचा हात तिथंच अडकला. खरंच लागला होता ना? मागून रिक्षावाला ओरडला, "बाबूजी, टाकता का हटता?"

उत्तमरावांनी हात सोडला.

आत पडल्याचा आवाज आला नाही. म्हणून त्यांनी पेटीवर दोनदा थाप मारली, आणि मगच गाडीकडं वळले.