न वाजणारी सायकल

वारसितीनं पानूतला आधी पाहिलं नाही, ऐकलं.

सकाळची वेळ होती. बांतुलच्या रस्त्यानं योग्या शहराकडे कामाला जाणाऱ्या सायकलींचा लोंढा चालला होता. गवंडी, शिंपी, पालेभाजीच्या टोपल्या बांधलेल्या बायका. हवेत साखर कारखान्याच्या मळीचा वास होता. वारसिती दुकानाच्या पायरीवर बसून एका ट्यूबला ठिगळ लावत होती. समोरून एवढ्या सायकली गेल्या, पण तिनं मान वर केली नाही. आणि मग आला तो आवाज...

कर्र-किच्. कर्र-किच्.

तिचे दात आंबले. ट्यूब तशीच टाकून ती रस्त्यात धावली.

"अहो! थांबा! तुम्हीच, निळा सदरा!"

निळ्या सदऱ्याचा माणूस चांगला धिप्पाड होता. त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीला टेकवला.

"माझं काही चुकलं का, म्बाक?" तरुण बाईला म्बाक आणि पुरुषाला मास म्हणायची तिकडची रीत.

"तुमचं नाही, सायकलचं. असला आवाज घेऊन रोज जाता?"

"हो. इथल्या गाँगच्या भट्टीवर नुकताच लागलोय. गाम्लान वाद्यवृंदातल्या गाँगांचे सूर लावतो."

"सूर लावता? आणि हे सहन होतं?"

"नाही होत," तो ओशाळून हसला. "भट्टीवर पोचेपर्यंत हाच सूर डोक्यात बसतो. दुपारपर्यंत दुसरा ऐकूच येत नाही."

"संध्याकाळी येताना थांबा," ती म्हणाली. "काढून टाकते."

तो खरंच थांबला. आणि येताना केळीच्या पानात बांधलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घेऊन आला. पहिल्यांदाच कुणाच्या दारात जायचं, तर रिकाम्या हातानं कसं जाणार?

दुकान वारसितीच्या वडिलांचं. बापाकच्या हाताला आता कंप सुटला होता, तरी चाकं अजून तेच सरळ करत; बाकी सगळं वारसिती करायची. तिनं सायकल उलटी उभी केली, पायडल फिरवलं. आवाज नाही. मग तिनं स्वतः रस्त्यावर एक फेरी मारली. तरी नाही. पानूत बसला आणि दहा हात गेला नाही तोच — कर्र-किच्.

"उजवा पाय दाबला की वाजतं का, मास पानूत?"

"हो."

"की डावा?"

"हो."

"सीटवरून उठून चालवलं तर थांबतं?"

"हो... म्हणजे, तुम्ही म्हणताय तर थांबत असेल."

वारसितीनं पाना खाली ठेवला. "तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का हो?"

त्यानं बराच विचार केला. "...हो."

ती हसत सुटली. तोही हसला. आत बसलेल्या बापाकनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा चाकात डोकं घातलं.

त्या दिवशी तिनं चेनला तेल दिलं. आवाज गेला नाही. पुढच्या वेळी तिनं पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर, म्हणजे खिळी, ठोकून घट्ट केली, त्याच्या पुढच्या वेळी पायडलं बदलली. दरवेळी ती चालवायची तेव्हा सायकल गाईसारखी गप्प, आणि तो बसला की सुरू.

"मला एक संशय आहे," एकदा ती म्हणाली. "हा आवाज तुम्हीच तोंडानं काढता."

पानूतनं गंभीरपणे घसा खाकरला आणि तोंडानं "कर्र-किच्" असा आवाज काढला. इतका हुबेहूब, की बापाक आतून ओरडले, "वारसिती, त्याला सांग, चालवू नको, कॉटर तुटेल!"

तो केळी घेऊन यायचा, कधी शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्या. कामाला वेळ लागला की ती वेदांग उवूहचे दोन पेले भरायची. लालभडक, लवंग आणि दालचिनीच्या पानांनी गच्च भरलेला काढा. पानं बाजूला सारत, फुंकर मारत दोघं पायरीवर बसायची. तो सांगायचा, गाँग वाजला की कान नाही, पोट ऐकतं. ती सांगायची, सायकलच्या बाबतीत कान खोटारडा असतो. पोकळ नळीतून आवाज कुठल्या कुठे पळतो. वाजतं एकीकडे, ऐकू येतं भलतीकडे.

"मग खरं कसं कळतं?"

"हातानं," ती म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, दोघांनीही आपापले हात मागे घेतले.

शेवटी ती एका निर्णयाला आली. याला विचारण्यात अर्थ नव्हता. हा सगळ्यालाच हो म्हणणार. आवाज वाजत असताना नळीवर हात ठेवायला हवा, आणि वाजतो तो फक्त याच्या वजनाला. आधी तिनं सायकलच्या बाजूनं पळून पाहिलं. समोरच्या दुकानात खोबऱ्याच्या गोड वड्या विकणाऱ्या बुधे मार्नी, म्हणजे तिच्या मोठ्या मावशी, हसून हसून स्टुलावरून पडायच्या राहिल्या.

वारसिती धापा टाकत थांबली. "असं नाही जमायचं. मी मागे बसते."

"कॅरिअरवर?" पानूतनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्बाक, लोक बघतील."

"बघू देत. मी आवाज शोधतेय."

हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण तो हो म्हणाला.

ऊन उतरलं होतं. ती कॅरिअरवर एका बाजूनं बसली, एक हात सीटखालच्या नळीवर. कर्र-किच्. कानाला वाटत होतं, आवाज खाली पायडलपाशी आहे. बोटं सांगत होती, नाही, इथेच आहे, वर. नळीत काहीतरी बारीक थरथरत होतं. त्याच्या सदऱ्याला भट्टीच्या धुराचा वास होता. उसाच्या शेतावरून वारा आला तशी तिच्या केसांची बट त्याच्या पाठीला लागली, आणि सायकल जराशी वाकडी गेली.

"सरळ चालवा की!"

"चालवतोय... रस्ता वाकडा आहे."

रस्ता चांगला सरळ होता.

"आता उठा. सीटवरून उठून चालवा."

तो उठला. आवाज बंद. बसला. कर्र-किच्. सापडलं होतं! पायडलचा काही संबंधच नव्हता. सीटची नळी आत कोरडी पडून गंजली होती, आणि या धिप्पाड माणसाचं वजन दर पायाला डुललं की ती घासत होती.

तिनं लगेच सांगायला हवं होतं. पण समोर कालव्याचा पूल होता, पाण्यात बदकं होती... पूल ओलांडून होईपर्यंत ती काही बोलली नाही.

दुकानात परत आल्यावर मात्र तिनं वेळ घालवला नाही. सीट उपसून काढली, नळी घासून लख्ख केली, ग्रीस लावलं, पुन्हा बसवून आवळली. त्याच्या कर्र-किच्‌ला रस्त्यावरचे जे लोक इतके दिवस हसले होते त्यांच्यासमोरून तो आता ऐटीत जाईल, असं तिच्या मनात होतं. पानूतनं एक फेरी मारली. वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, बाकी काही नाही.

"इतक्यात झालं?" तो म्हणाला.

"इतकं सोपं होतं."

"मग आता..."

"आता वर्षभर तरी बघायला नको!" ती अभिमानानं म्हणाली.

पानूतनं सीटवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं पैसे दिले, वाकून आभार मानले, आणि गेला. आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी सायकलींचा लोंढा सुरू झाला की वारसितीच्या लक्षात यायचं: आता तो समोरून गेला तरी कळणार नाही. तो आवाज तिनंच काढून टाकला होता. म्हणून ती आता प्रत्येक सायकलकडे मान वर करून बघायची. निळा सदरा, निळा सदरा... एका गवंड्यानं तर तिच्याकडे बघून हात हलवला.

बुधे मार्नी रस्ता ओलांडून आल्या. "काय गं, त्याची आई कधी येणार बोलणी करायला?"

"कसली बोलणी?"

"कसली म्हणे! दिवसाढवळ्या त्याच्या कॅरिअरवर बसून गेलीस. कालव्यापर्यंत! सगळा गाव मला विचारतोय, लग्नाचा चिकट भात किती शिजवायचा."

"मी आवाज शोधत होते, बुधे."

"सापडला ना? मग तो कुठाय?" बुधेंनी आवाज खाली केला. "तो आता कालव्याच्या वाटेनं जातो म्हणे. लांबचा पडतो तो रस्ता, तरी तिकडनं जातो. अगं, मागे बसवून फिरवलं आणि सोडलं, असं लोक बोलायला लागले तर दुसरं कोण विचारील तुला?"

लोकांचं वारसितीला फारसं वाटलं नाही. लागलं ते कालव्याच्या वाटेचं. इतके दिवस तो येत होता तो सायकलसाठीच, दुसरं काही नव्हतं. आपण पेले भरत बसलो, आणि त्याला फक्त सूर नीट ऐकू यायला हवे होते.

संध्याकाळी बापाक दुकानाच्या फळ्या लावत होते. ती मदतीला गेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुझी आई दिवसभर बोलायची," ते एकदम म्हणाले. "कढईशी बोलायची, कोंबड्यांशी भांडायची. मी म्हणायचो, जरा गप्प बस. आता घर गप्प आहे." त्यांनी शेवटची फळी लावली. "गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं मला आता वाटत नाही. तुला काय विचारायचंय ते त्याला जाऊन विचार. माणूस आहे तोवर विचारता येतं."

सकाळी ती भट्टीवर गेली.

भट्टी म्हणजे उंच छपराची, धुरानं काळी झालेली पडवी. आत लालबुंद काशाच्या तव्याभोवती चार जण आळीपाळीनं घण घालत होते. कानठळ्या बसत होत्या. पानूतनं तिला दारात पाहिलं आणि हातातली कानस ठेवून बाहेर आला.

"काही बिघडलं का, म्बाक?" तो ओरडून म्हणाला.

"हो! तुम्ही रस्ता का बदललात?" तीही ओरडली.

तो गोंधळला. "तुम्हीच तर... नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"सायकल दुरुस्त करून दिलीत ना."

"सायकल दुरुस्त केली म्हणजे नाही म्हणाले?"

"बिघाड सापडल्याबरोबर, एकाच संध्याकाळी केलीत! वर म्हणालात, वर्षभर बघायला नको. म्हणजे वर्षभर येऊ नका."

"अहो, ते मी ग्रीसबद्दल म्हणत होते!"

"आपल्यात तोंडावर नाही कोण म्हणतं? पाहुण्याला उठवायचं असलं की म्हणतात, अंधार पडायला लागला, सांभाळून जा. मला वाटलं, कॅरिअरवर बसलेलं लोकांनी पाहिलं, तुम्हाला त्रास झाला असेल. आता तरी पुन्हा दारात दिसू नये..."

वारसितीला हसावं की रडावं कळेना. हा माणूस एवढी वर्षं सूर ऐकतोय!

"मास पानूत, मी सायकली दुरुस्त करते. मला आवडलेल्या माणसाची सायकल मी तशी वाजत ठेवीन का?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिचे कान तापले. भट्टीपासून ती चांगली लांब उभी होती, तेव्हा दोष भट्टीला देता येत नव्हता.

पानूत एक पाऊल पुढे आला. मग त्याचे ओठ हलले. घणांच्या आवाजात तो पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला.

"काय?" वारसितीनं कानामागे हात धरला.

तो पुन्हा बोलला, थोडं मोठ्यानं.

"काही ऐकू येत नाही!"

पानूतनं छाती भरून श्वास घेतला. आत कासं काळवंडत आलं होतं; आता ते परत जाळात सारायचं होतं. चारही घण एकदम थांबले. आणि त्या शांततेत त्याचा आवाज पडवीभर घुमला —

"मला तू आवडतेस! लग्न करशील का माझ्याशी?"

छपरावरची कबुतरं उडाली. चारही घणकरी खांद्यावर घण तसेच ठेवून दाराकडे बघत राहिले. कुणी भाता ओढेना. पानूतचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण त्यानं मान खाली घातली नाही.

"करीन," वारसिती म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आत एकच गलका झाला. मुख्य कारागीर ओरडला, कासं थंड पडतंय, लग्न मग करा! भाता पुन्हा सुरू झाला. त्या गोंधळात ती त्याच्याजवळ सरकली.

"खरं सांगू? मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

"मग 'ऐकू येत नाही' का म्हणत होतीस?"

"मला ते मोठ्यानं ऐकायचं होतं." ती हसली. "आणि तुम्हालाही ठाऊक होतं ना, घण कधी थांबणार ते? सुरांचा माणूस ना तुम्ही?"

 हो किंवा नाही, दोन्ही न म्हणता पानूत आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ नुसता हसत उभा राहिला.