खुर्च्या निघाल्या मॅकडाराच्या घरी

प्रेम माणसाला अमर करतं. आमच्या गावात मात्र त्यानं एका धडधाकट माणसाला न्याहारीच्या आधीच मारून टाकलं, आणि खुद्द त्या माणसालाही याची खबर नव्हती.

त्याचं नाव मॅकडारा. वल्ही मारून मारून खांदे रुंद झालेले, धंदा शेवंडी पकडण्याचा. मारणारीचं नाव नोरीन. आमच्या शाळेची नवी बाई, डब्लिनची.

दोघांची गाठ पडली धुक्यात. रस्त्यात एक मेंढी आडवी बसली होती आणि सायकलवरची नोरीन तिला अदबीनं सांगत होती, "कृपा करून आपण बाजूला व्हाल का?"

धुक्यातून आवाज आला, "होईल की... पण तिला इतकं शुद्ध आयरिश कळत नाही, बाई."

"मग कसं बोलायचं?"

मॅकडारानं मेंढीला दोन शब्द ऐकवले. मेंढी उठली. नोरीनचे कान लाल झाले.

"हे पुस्तकात नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर उठली!"

त्यानंतर नोरीनला रोज संध्याकाळी धक्क्यावर काम निघू लागलं. आमच्या धक्क्यावर दुकान नाही, टपाल नाही, बसायला धड बाकही नाही... मॅकडारा मात्र असतो.

"तुमचं आयरिश इस्त्री केल्यासारखं आहे," तो एकदा म्हणाला.

"मग चुरगाळा," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते ध्यानात येताच बराच वेळ समुद्राकडे बघत बसली.

शुक्रवारी पाऊस भुरभुरत होता. मॅकडारानं टोपी हातात घेतली, दोनदा उलटी केली, दोनदा सुलटी.

"नोरीन... राहशील का? म्हणजे इथं... माझ्याकडे?"

"आणि तू कुठं राहणार? समुद्रावर?" ती म्हणाली. "मला सवतीबरोबर नांदायचं नाही, मॅकडारा. ती तरी, नाहीतर मी तरी."

तो टोपी पिळत राहिला. पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. पावसाचं असावं, असं आपण समजू.

"बेटापलीकडं सापळे टाकलेत," तो शेवटी म्हणाला. "ते काढून येतो... मग बोलू."

नोरीन वळली आणि संध्याकाळच्या बसनं गॉलवे शहरात मैत्रिणीकडे निघून गेली. त्याच रात्री वादळ आलं. गॉलवेत खिडक्या थडथडत राहिल्या, आणि उशीवर डोकं ठेवलं की नोरीनला बेटापलीकडचं पाणी दिसायचं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं ती परत निघाली. चढावरच्या वळणावर तिनं काच पुसली... आणि पुन्हा एकदा पुसली.

खाली गावातल्या खुर्च्या निघाल्या होत्या. पादीनच्या डोक्यावर खुर्ची, त्याच्या बायकोकडे कपबशांची टोपली, मागून कोणाचं तरी बाकडं. सगळं मॅकडाराच्या घराकडे. जानेवारीत म्हातारा कोलमन गेला तेव्हा तिनं हे पाहिलं होतं. इतक्या माणसांना पुरतील एवढ्या खुर्च्या कोणाच्याच घरी नसतात. मयताच्या घरी सारं गाव आपापल्या पोचवतं.

"थांबवा! बस थांबवा!"

"बाई, बसथांबा पुढं आहे..." ड्रायव्हर म्हणाला.

पण बाई उतरल्या होत्या. पिशवी बसमध्ये, टोपी कुंपणावर, एक बूट चिखलात.

दार उघडंच होतं. आत मेणबत्त्या, पांढरी चादर घातलेलं टेबल, गुडघे टेकलेलं गाव. काळ्या पोशाखात मॅकडाराची आई, बीदमावशी. नोरीन तिच्या पायाशी कोसळली.

"मावशी, खोटं बोलले मी! सवत तर सवत... नांदले असते मी तिच्याबरोबर! भरतीला तिचा, ओहोटीला माझा... पण त्यानं परत यायला हवं होतं हो!"

सगळं आयरिशमध्ये, आणि इस्त्रीचा मागमूस नाही.

फादर तोमास प्रार्थनेत हात वर करून उभे होते. ते तसेच राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार करकरलं आणि मॅकडारा बाहेर आला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, हातही पांढरेफटक.

नोरीननं किंकाळी फोडली. पहाटेपासून त्याला हिंडताफिरता बघणाऱ्या आमच्यातल्याही दोघांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"चुना आहे," मॅकडारा म्हणाला.

"तू... बुडाला नाहीस?"

"कशात, बादलीत? पाळीपाळीनं एकेका घरी फादर मिस्सेची प्रार्थना घेतात, आज पादीनची पाळी होती. रात्री त्याचं छप्पर उडालं, म्हणून आमच्याकडे आली. फादर येणार म्हणून आईनं रात्रभर भिंती रंगवून घेतल्या, आतली खोली आत्ता उरकली."

"आणि सापळे?"

"तिथंच आहेत. नाही गेलो..." त्यानं मान खाली घातली. "तू गेलीस, मग वल्ह्याला हातच लागेना."

"मी आत्ता जे बोलले..."

"ऐकलं."

"सगळं?"

"गावानं ऐकलं, बाई," पादीन म्हणाला. "फक्त मागच्यांना नीट आलं नाही. पुन्हा एकदा सांगता का?"

नोरीननं मॅकडाराच्या छातीवर एक सणसणीत चापट मारली. चुन्याचा ढग उठला. तिचा हात पांढरा झाला, आणि तोच हात त्यानं धरून ठेवला.

"मग... राहशील?"

"राहते. आणि सोमवारी सापळे काढायला मीही येणार. सवतीचं तोंड तरी बघू दे."

बीदमावशीनं डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. फादरनी उरलेली मिस्सा पार पाडली, आणि रीतीप्रमाणे त्याच घरी, पाहुण्यांच्या खोलीत न्याहारीला बसले. दोघं हातात हात घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मागं दारात सारं गाव दाटलं. आता फादर काय म्हणतात... आशीर्वाद देतात, की मिस्सा मोडली म्हणून झाडतात? कोणी खोकेनासुद्धा.

फादरनी चमचा खाली ठेवला. नोरीनच्या एकाच बुटाकडे पाहिलं, मॅकडाराच्या भुवयांकडे पाहिलं, मग समोरच्या उकडलेल्या अंड्याकडे पाहिलं.

"मॅकडारा," ते गंभीरपणे म्हणाले, "लग्नाचं न्याहारीनंतर बघू. आधी मीठ दे इकडं."