चेहऱ्याचे दोन गुण

पॉमरून नदीकाठच्या त्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा गृहपाठ उतरवून काढणारं मूल बावीस वर्षांत एकदाही सुटलं नव्हतं. हे मिस व्होल्डा क्रँडन स्वतःच सांगत, आणि दुसरं कुणी सांगू लागलं तर त्याच्या चुका दुरुस्त करत.

त्यांचा सिद्धांत साधा होता. शहाणपण उतरवून घेता येत नाही, गाढवपणा मात्र जसाच्या तसा उतरतो. दोन वह्यांत एकच बरोबर उत्तर सापडलं तर तो योगायोग. एकच गाढवपणा सापडला तर दोघांनाही उभं करायचं. या एका नियमावर त्यांनी दोन पिढ्या उभ्या केल्या होत्या. काही घरांतली तर आधी आई आणि मग मुलगी, त्याच बाकाशेजारी.

त्या सोमवारी त्यांनी पाचव्या फॉर्मच्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या वर्गाच्या, सत्तावीस मुलांना निबंध दिला. सुट्टी, पूर, लग्न असल्या विषयांवरचे तयार निबंध चॅरिटी गावच्या बाजारात कोळंबीच्या शेजारी विकायला असत. म्हणून विषय असा निवडला की तो बाजारात मिळूच नये : तुम्ही कधीही पाऊल न ठेवलेली एक खोली. अडीचशे शब्द.

“मिस,” मागच्या बाकावरून रॉन्डेलने विचारलं, “जिथं गेलोच नाही ती खोली दिसते कशी ते आम्हाला काय माहीत?”

“ज्या पुस्तकात तू कधी डोकं घातलं नाहीस त्यावर मागच्या आठवड्यात दोन पानं लिहिलीस ना? तसंच लिही.”

मंगळवारी दुपारी चार वाजता मिस क्रँडन घराखाली वह्या घेऊन बसल्या. तिथली घरं खांबांवर उभी असतात आणि खालच्या सावलीत दिवस जातो : झोपाळा, टेबल, कोंबड्या, बरणीत गार केलेली मॉबी, झाडाच्या सालीचं कडसर सरबत. नदीवरून होड्यांच्या इंजिनांचा आवाज येत होता. त्यांनी लाल पेन उघडलं आणि सगळ्यात आधी रॉन्डेलची वही घेतली. वाईट काम आधी संपवावं.

रॉन्डेलच्या खोलीच्या भिंती कमरेपर्यंत हिरव्या होत्या. वर नुसत्या फळ्या. एका भिंतीवर ओळीने नऊ खिळे, पण त्यांना काहीच टांगलेलं नव्हतं. खूप दिवस रिकाम्या राहिलेल्या माठात तोंड घातल्यावर येतो तसा वास. मिस क्रँडन यांनी वीसपैकी सात दिले. रॉन्डेलच्या मानाने ही पदवीच होती.

दुसरी वही शिवानी रामोतारची. भिंती कमरेपर्यंत हिरव्या. खिळे नऊ, सहावा खाली वाकलेला. तिसऱ्या वहीत पेन्सिल पडून आपोआप कोपऱ्याकडे घरंगळत गेली होती, कारण जमीन तिकडे उतरती होती. चौथ्या वहीत त्याच कोपऱ्यातून खोली पाहिलेली होती, आणि तिथून सहावा खिळा दिसत नव्हता.

नवव्या वहीपर्यंत मॉबी कोमट झाली.

मग त्यांनी सिद्धांत लावला. सत्तावीस वह्या पसरून एकसारखा गाढवपणा शोधला. तो नव्हता. रॉन्डेलच्या चुका रॉन्डेलच्याच होत्या, शिवानीची विशेषणांची उधळपट्टी खास शिवानीची. प्रत्येकजण आपापल्या परीने गाढव होता. खोली मात्र सगळ्यांची एकच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा वर्ग उभा केला.

“कुठून उतरवलंत?”

“मिस, आईशप्पथ,” रॉन्डेल म्हणाला. “मी उतरवलं असतं तर शिवानीचं उतरवलं असतं. मग मला सातच्या जागी चौदा नसते मिळाले?”

हिशोब बरोबर होता. रॉन्डेलचा हिशोब बरोबर असणं हे मिस क्रँडन यांना मुळीच आवडलं नाही.

“तू सांग, लिओना.”

लिओना टोरेस नदीच्या वरच्या अंगाने होडीतून येई. रोज सकाळी तिच्या स्कर्टची कड ओली असे. खोटं बोलण्याइतका वेळ तिच्याकडे कधी नसायचा.

“मिस, मी लिहायला बसले तर तीच होती,” ती म्हणाली. “रिकामी होती, म्हणून घेतली.”

“मिनीबसमधली जागा आहे का ती, रिकामी दिसली म्हणून घ्यायला?”

वर्ग हसला. लिओना हसली नाही.

गणिताचे दिओनारिन सर शिक्षकांच्या खोलीत दालपुरी खात होते. मिस क्रँडन यांनी वह्या त्यांच्यापुढे टाकल्या. सरांनी आलेखाचा कागद काढून नकाशा आखायला घेतला, आणि दालपुरी अर्ध्यावरच राहिली. हे यापूर्वी फक्त भूकंपाच्या वेळी घडलं होतं.

“चौदा फूट बाय अकरा,” ते म्हणाले. “एकाचं माप दुसऱ्याशी भांडत नाही. अहो मिस, हीच पोरं माझ्या तासाला त्रिकोणाला चार कोन काढतात!”

“म्हणजे इंग्रजी बरं शिकवलं जातंय असं म्हणा.”

“खिडकी एक, बाहेरून फळ्या ठोकलेली. खिळे नऊ.” सर पुन्हा वह्या चाळू लागले. “दार कुठंय?”

“असेल कुठेतरी.”

“नाहीये. कुणीच लिहिलेलं नाही.”

“विसरली असतील.”

“सत्तावीसजण?”

“सर, पाच वर्षं शिकवतेय यांना. हे सत्तावीसजण श्वास घ्यायलासुद्धा विसरतील.”

त्या शाळेत बाईंचा लाल शेरा वाचण्यासाठी नसे, पाळण्यासाठी असे. शेरा आला की मुलाने खाली ‘दुरुस्ती’ असा मथळा घालायचा आणि सांगितलं ते घालून निबंध पुन्हा लिहायचा. का, असं विचारायची पद्धत नव्हती. बाईंनी ‘इथे गाय हवी’ लिहिलं असतं तर पोरांनी मुकाट्याने गाय आणून बांधली असती. मिस क्रँडन यांनी सत्तावीस वह्यांत एकच शेरा लिहिला : दार कुठे आहे? दाखवा.

सर बघत होते. “मिस, ज्याने ती खोली बांधली त्याने दार ठेवलं नाही, तर काही विचार करूनच ठेवलं नसेल ना?”

“मग त्याने माझा वर्ग निवडायला नको होता,” असं म्हणून मिस क्रँडन यांनी पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी दुरुस्त्या आल्या.

सत्तावीस वह्यांत दार होतं. आखूड भिंतीत, खिडकीच्या उजवीकडे. अरुंद, बाहेर उघडणारं. लाकूड नुकतंच कापलेलं, खाली ताजा भुसा पडलेला.

आणि कुणीही मागितलेलं नसताना खोलीत कुणीतरी होतं.

प्रत्येकाने एकेक तुकडा लिहिला होता. रॉन्डेलने ओली टाच. शिवानीने मनगटापर्यंत बटणं लावलेली बाही, त्या उन्हाळ्यात. एकाने नऊ खिळ्यांवरून मोजत फिरणारं बोट.

सरांनी तुकडे जुळवायला घेतले आणि चौदाव्या वहीपाशी थांबले. “मी गणिताचा माणूस आहे, मिस,” ते म्हणाले. त्यांनी डबा उचलला आणि ते व्हरांड्यात जाऊन उन्हात बसले.

मिस क्रँडन यांनी पुढच्या वह्या एकट्यानेच वाचल्या, हजेरीच्या क्रमाने. वहीगणिक खोलीतलं ते कुणीतरी दाराकडे सरकत होतं. सव्विसावी वही लिओनाची. सत्ताविसाव्या वहीत खोली रिकामी होती आणि दार सताड उघडं होतं.

लिओनाने शेवटी लिहिलं होतं : दारात थांबून त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच.

मिस क्रँडन यांचा गुणांचा तक्ता ठरलेला होता. निबंधात माणूस आणलात तर चेहरा आणा. चेहऱ्याला दोन गुण. लिओनाचे दहा होत होते. वहीत बारा नसतील तर शाळा परीक्षेचा अर्ज पाठवत नसे, आणि इंग्रजीशिवाय नर्सिंगला प्रवेश नव्हता. बाकी सगळे या ना त्या कारणाने बाराच्या पुढे गेले होते. ताज्या भुशामुळे रॉन्डेलसुद्धा.

त्यांनी लिओनाला बोलावून घेतलं.

“चेहरा लिहायचा राहिला का गं?”

“राहिला नाही, मिस. नाही लिहिला.”

“का?”

“तुम्ही मागितला नव्हता.” लिओना सरळ उभी होती. “दार मागितलं, दार दिलं. चेहरा लाल शाईने मागा, तोही देते. मिस, पंधरा तारखेला अर्ज जायचाय. आईने गणवेशाचं कापडसुद्धा आणून ठेवलंय.”

“आईला म्हणावं, निकाल लागेपर्यंत कात्री लावू नकोस.”

“सांगितलं. ती म्हणाली, मिस क्रँडनना विचार, मागच्या वेळी माझ्या बाबतीत त्यांनी काय केलं होतं.”

तिच्या आईला मिस क्रँडन यांनी अकरा दिले होते. न मिळवलेला गुण त्यांनी कधीच कुणाला दिला नव्हता.

त्यांनी पेन उघडलं. दहाच्या खाली ‘चेहरा?’ एवढा एक शब्द लिहायचा होता. हजारो वेळा लिहिलेला शब्द. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं, शाईचा ठिपका वाटाण्याएवढा होईपर्यंत.

मग त्यांनी दहाचे बारा केले.

“पण मिस, मी चेहरा—”

“बारा म्हटलं ना? जा, होडी चुकेल.”

त्याच दिवशी त्यांनी ‘ही सर्व कामे विद्यार्थ्यांची स्वतःची आहेत’ या कागदावर सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढच्या सोमवारी विषय दिला ‘बाजारातली सकाळ’. सत्तावीस वेगवेगळे बाजार आले, सगळे वाईट. त्यातल्या तिघांनी एकाच विकतच्या पुस्तकातून एकच लंगडी बकरी उतरवली होती. मिस क्रँडन यांना इतका आनंद झाला की शिक्षा करायची राहूनच गेली. दिओनारिन सरही पुन्हा आत बसून जेवू लागले. आपण वेळीच पेन उचललं आणि प्रकरण मिटलं, अशी मिस क्रँडन यांची खात्री झाली. आणि त्यांची खात्री झाली की ती सहसा ढळत नसे.

शेजारच्या शाळेशी एक जुना ठराव होता. दरवर्षी दहा वह्या इकडून तिकडे जायच्या, दहा तिकडून इकडे यायच्या, म्हणजे गुण सैल पडत नाहीत. दुसऱ्या वाचकाचा शेराही पाळायचाच. तिकडचे वाचक हिरवी शाई वापरत. यंदा मुख्याध्यापिकांनी कुठल्या दहा वह्या पाठवल्या हे मिस क्रँडन यांनी विचारलं नव्हतं. आपल्या गुणांवर शंका यायची त्यांना सवयच नव्हती.

चौदा तारखेला चार वाजता लिओना त्यांच्या घरी आली. ऊन स्वच्छ होतं, कोंबड्या धुळीत लोळत होत्या. ती टेबलाच्या पलीकडे बसली आणि तिने वही उघडली.

“ऑफिसातून दिली, मिस. आज दुरुस्ती करून तुमच्याकडेच द्यायला सांगितलंय. होडी साडेपाचला आहे.”

बाराला हिरवी काट होती. शेजारी नीटनेटक्या अक्षरात शेरा : हे दोन गुण कशाचे? चेहरा कुठे आहे? दाखवल्यास बारा कायम.

“हे कोण शहाणे लागून गेलेत?” मिस क्रँडन म्हणाल्या. “मी त्यांच्याशी बोलते. तू वही मिट.”

“झालंच, मिस.” लिओनाने मथळा घातला होता आणि ती लिहायलाही लागली होती. “कपाळ नि भुवया झाल्या.”

“लिओना, मी काय म्हणाले?”

“अर्ज उद्याच जायचाय, मिस.” ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. फक्त सांगितलं.

ती वर बघे, खाली बघून एक ओळ लिही, पुन्हा वर बघे. पुढे चांगली नर्स झाली असती अशी नजर. शांत, न घाबरणारी, काही न विसरणारी.

ती नजर मिस क्रँडन यांच्यावर नव्हती.

ती त्यांच्या कानाजवळून मागे जात होती, खुर्चीच्या पाठीपेक्षा जरा वर.

कोंबड्या उठून कुंपणाकडे गेल्या होत्या.

फळ्याकडे तोंड असलं तरी मागे कोण कुठे उभं आहे हे शिक्षकाला कळतं. बावीस वर्षांत मिस क्रँडन यांचा हा अंदाज एकदाही चुकला नव्हता. म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टेबलावरचे हात तिथेच ठेवले.

“आणखी किती?” त्यांनी विचारलं.

“दोनच ओळी, मिस.”

पेन थांबलं. लिओनाने मान जरा तिरकी केली, मग वर्गात करतात तसा अदबीने हात वर केला.

“मिस, थोडं डावीकडे सरकता का? हनुवटी झाकली जातेय.”