इंदापूरचा बेलीफ

"अहो, जरा पत्ता सांगता का?"

जीपमधून मान बाहेर काढून मी विचारलं. सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागलेली, हवेत मळीचा आंबूस-गोड वास. बाभळीला सायकल टेकवून एक तरुण कागद चाळत बसला होता. उन्हानं रापलेला, पण इस्त्रीचा शर्ट अगदी कडक.

"कुणाचा पत्ता?"

"जोतीराम हिंदुराव. पाच वर्षं झाली, यांना कोर्टाचं समन्स पोचत नाही. बेलीफ इथवर येतच नसणार. कुठल्यातरी झाडाखाली बसून 'इसम मिळून आला नाही' असं लिहून टाकत असणार, दुसरं काय!"

त्यानं कागदांची शांतपणे घडी घातली. मान वर करून बाभळीकडं पाहिलं.

"झाड तर हेच हाय," तो म्हणाला, "आन् बेलीफ बी मीच."

माझा चेहरा कानापर्यंत तापला. शेजारी बसलेल्या मारित मॅडम विचारत होत्या, काय झालं? काय झालं? भाषांतर करणं हेच तर माझं काम! मी खाल मानेनं खरं ते सांगून टाकलं. त्या हसू लागल्या, मग तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली... आणि मी पुन्हा मान खाली घातली.

त्याचं नाव समाधान. इंदापूर कोर्टात बेलीफ, म्हणजे समन्स घरोघरी पोचवणारा माणूस. मी प्रियदर्शनी, लोणी भापकरची, आमच्या घरातली पहिली वकील. बारामती कोर्टात सनद घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मारित मॅडम नॉर्वेत न्यायाधीश होत्या. दिवाणी दावे इतके का रेंगाळतात हे शोधायचं काम त्यांचा देश आणि पुण्यातली एक संस्था मिळून करत होते. इतर कुणी असतं तर कचेरीत बसून आकडे मागवले असते. या बाईंनी एकच दावा निवडला आणि त्याच्या मागं गावोगाव फिरायला निघाल्या.

तो दावा आमच्या गावच्या तानूबाईंचा. वडिलांच्या जमिनीत वाटा मागितलेला. दुसरे वारस अकरा, दहा जणांना समन्स पोचलं होतं. अकरावा जोतीराम, त्यांचा भाचा, तेवढा राहिला होता. त्याच्यामुळं दावा अडलेला आणि तानूबाई सत्तरीला आलेल्या.

मॅडमनी समाधानला एकच प्रश्न विचारला, "या कागदावर नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे, असं काय आहे?"

मी मराठीत सांगितलं. त्यानं हातातले कागद पिशवीत सरकवले. मग बोलू लागला आणि अर्धा तास बोलतच राहिला.

"भवानीनगरात जोतीराम चार हायत. ह्यो ट्रकवर असतो, महिन्यातनं दोन दिवस घरी. घरची माणसं कागद बघितला की दार लावत्यात, त्यांना वाटतं पोलिसाचं लफडं हाय. तीन डाव आलो मी. गेल्या महिन्यात कळलं, दर गुरवारी दुपारी इंदापुरात हायवेच्या हाटेलात जेवायला थांबतो."

"मग कळवलं का नाही?" मी विचारलं.

"कुठं लिव्हू? फॉर्मात एकच ओळ हाय, वकीलबाई. दावा बारामतीचा, मी इंदापूरचा. मधी कुणी इचारणारं न्हाय."

बोलताना तक्रारीचा सूर नव्हता. प्रत्येक वाडी, प्रत्येक वस्ती, कुणाला गावात कोणत्या नावानं हाक मारतात, सगळं त्याला तोंडपाठ. भाषांतर करता करता मीच मध्ये थांबत होते... ऐकत राहावंसं वाटत होतं.

तानूबाईंचा दावा चालवणाऱ्या माझ्या सीनियरनी नव्या पत्त्यासाठी अर्ज दिला, नवं समन्स निघालं. ते पोचतं कसं हे मॅडमना टिपून हवं होतं, म्हणून मीही इंदापूरला गेले. हायवेवरचं हॉटेल, समोरून धडधडत जाणारे ट्रक, बाकड्यावर आम्ही दोघं.

पहिल्या गुरुवारी जोतीराम आला नाही. दुसऱ्याही नाही.

"तुमी उगं येताय," समाधान म्हणाला. "मी कळवीन की."

"मी आलेली आवडत नाही?"

त्यानं चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"आवडत न्हाय असं... न्हाय."

"म्हणजे आवडतं."

"वकिलांशी बोलायची पंचाईत हाय बगा. शब्द पकडत्यात."

तिसऱ्या गुरुवारी मी मोरपंखी साडी नेसून गेले. माझ्याकडं बघता बघता त्यानं चहात चमचाभर मीठ टाकलं आणि तोंड वाकडं न करता सगळा चहा प्यायला. मी हसू दाबत राहिले. तेवढ्यात ट्रक थांबला.

जोतीराम दांडगा माणूस, गळ्यात टॉवेल. समन्स घेण्याआधी त्यानं टॉवेलाला हात पुसले. समाधाननं त्याला बसवलं, कागदातली ओळ न् ओळ साध्या बोलीत समजावली.

"म्हंजे... आत्याचा वाटा माझ्यापायी अडला?" जोतीराम बाकड्यावरून अर्धा उठला. "पाच वर्सं? अवो, माझी कधी ना नव्हतीच! मला वाटलं मळ्यातली आमची भावकी आत्याला नडतीया."

जोतीराम पुढच्या तारखेला स्वतः हजर झाला. त्याला बघून बाकीचे वारसही नरमले. मे महिन्यात तानूबाईंना वाट्याची जमीन द्यायची तडजोड झाली. तानूबाईंनी तडजोडपत्रावर अंगठा उठवला आणि विचारलं, "आता ह्ये माझं? खरंच माझं?" मी नुसती मान हलवली. 

जूनमध्ये बारामतीत मॅडमच्या कामाबद्दल न्यायाधीश-वकिलांची बैठक झाली. मारित मॅडमनी समाधानला हट्टानं पुढच्या रांगेत, न्यायाधीशांच्या शेजारी बसवलं. तो उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "दावा लिव्हतानाच इचारा, मानूस काम कुठं करतो, गावात त्येला काय म्हंत्यात, कवा गावतो. एवढं एक पान जोडा." बस्स. खाली बसला. सभागृहात टाळ्या वाजल्या. ते जादा पान दोन्ही तालुक्यांत करून बघायचं ठरलं. त्या दिवशी मला माझं मन पुरतं कळलं.

आणि त्याच दिवशी मॅडमनी मला पत्र दिलं. नॉर्वेत आठ महिने शिकायला जायचं होतं.

त्यानंतर समाधान बदलला. फोन केला की दोन वाक्यांत ठेवून द्यायचा. शेवटी मी इंदापूरला जाऊन कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्याला गाठलं.

"मला टाळताय तुम्ही."

"तुमी इमानानं जाणार. मी सायकलवाला मानूस." तो बुटाकडं बघत होता. "वकीलबाईच्या घरात बेलीफ... लोक काय म्हनतील?"

"लोकांचं मी विचारलं नाही. तुम्हाला मी हवी आहे की नको?"

त्यानं समन्सची पिशवी उचलून खांद्याला लावली. मी वळले आणि एसटी स्टँडकडं चालू लागले. डोळे भरून आले होते, गाडीवरची पाटीसुद्धा दिसेना.

रविवारी सकाळी मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. ओसरीवर वडिलांशी कुणीतरी बोलत होतं. आवाज ऐकला आणि हातातले कपडे हातातच राहिले.

"धोंडीबा आबा, मी समाधान. इंदापूर कोर्टात बेलीफ हाय. तुमच्या मुलीला मागनी घालायला आलोय."

पाण्याचा तांब्या पुढं सरकवल्याचा आवाज आला. मग वडील सावकाश म्हणाले, "पोरगी वकील झालीया. उद्या परदेशी जाऊन आनखी शिकंल. तुमाला कमीपना न्हाय वाटायचा?"

"वाटंल असं वाटलं व्हतं, आबा. चार दीस झोप लागली न्हाय. मग ध्यानात आलं... त्या भेटल्यापासनं मला माझ्या कामाची पयल्यांदा किंमत कळलीया. त्यांच्या शेजारी हुबं ऱ्हायलं की मी मोठा हुतो, लहान न्हाय. त्यांनी जावं, शिकावं. आठ म्हयनं मी थांबतो."

"मला काय सांगता? तिला इचारा."

मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले. तो ताडकन उठला. तोच कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, आणि माझ्याकडं बघणारे ते डोळे...

"इचारू?" तो म्हणाला.

"विचारा की. सरळ विचारा."

"माझ्यासंगं... संसार करशील?"

पहिल्यांदाच त्यानं मला 'तू' म्हटलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.