रिकामा चेहरा

काकांनी काखेतली चित्राची कोरी फळी भिंतीला टेकवली आणि आधी पाणी मागितलं. अलीकडे जिने चढले की त्यांचा श्वास खालीच राहायचा आणि मागाहून सावकाश वर यायचा. दुपार कलली होती. पुतणीच्या खोलीत पडदे ओढलेले होते, संगणकाच्या निळसर उजेडात तिचं तोंड दमलेलं दिसत होतं.

तिला घरात सगळे चिमणी म्हणत. आईबाप गेल्यावर काकांनीच तिला वाढवलं होतं. सिनेमाच्या पाट्या रंगवताना ते तिला शिडीपाशी बसवत आणि ब्रश धुवायला देत. आता ती आणि तिचा नवरा मिळून संगणकावरचा एक भुताचा खेळ बनवत होते. दोघांनी नोकऱ्या सोडून त्यात जीव ओतला होता. खेळ तयार होता, अडलं होतं ते मुखपृष्ठ. नेटवरच्या दुकानातल्या शेकडो खेळांच्या रांगेत ते चित्र टपालाच्या तिकिटाएवढं दिसणार, आणि तेवढ्यावरच गिऱ्हाइकाचं बोट थांबायला हवं. त्या दिवशीच ते पाठवायचं होतं.

चिमणीने आपलं चित्र दाखवलं. त्यात सगळं ठासून भरलं होतं. पडकं घर, चंद्र, वाळलेलं झाड, पाच भुतं, रक्त, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक अक्षरं. मग तिने ते तिकिटाएवढं केलं. चिखलात कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसलं.

काका हसले नाहीत. "रस्त्यापलीकडून दिसतं तेवढंच चित्र," ते म्हणाले. "बाकी आपली हौस."

मग एकेक करून चंद्र गेला, झाड गेलं, भुतं गेली. उरलं एक अर्धवट उघडं दार, दारात एक माणूस, आणि त्याच्या मुठीत हातोडी. माणूस म्हणून जावईबापूंनाच घरातली हातोडी देऊन दारात उभं केलं. हा जावई म्हणजे झुरळालासुद्धा 'जरा सरका' म्हणणारा. चिमणी त्याला गोगलगाय म्हणायची. हातोडी धरूनही तो असा उभा राहिला, जणू शेजाऱ्याकडे साखर मागायला आलाय. तिघेही पोट धरून हसले.

काकांचा हात अजून चालत होता. फळीवर दार झालं, खांदा झाला, मूठ झाली, हातोडीच्या तोंडावरची ओली चमक झाली. चेहऱ्याच्या जागी त्यांनी काळा रंग भरला आणि ते डोळ्यांसाठी बारीक ब्रश शोधू लागले. तेवढ्यात चिमणीने फोटो काढून तो लहान करून पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. दारातल्या त्या माणसाला चेहरा नव्हता, नुसतं काळं भोक होतं. तिकिटाएवढं असूनही ते भोक आपल्याकडे बघत होतं.

"काका, चेहरा काढू नका. असाच राहू द्या."

काकांचा हात थांबला. त्यांच्या धंद्यात अपुरा चेहरा कधी उघडा ठेवत नसत. जेवायला उठलं तरी त्यावर ओलं फडकं टाकायचं. त्यांना रंगकाम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, रिकामं घर आणि रिकामा चेहरा, दोन्हीत कोणीतरी राहायला येतं. काकांनी हे तिला सांगितलं.

"मग येऊ दे की," चिमणी म्हणाली. "भाडं घेऊ."

लहानपणापासून त्यांनी तिला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी ब्रश धुऊन ठेवला.

फळी लांबून बघता यावी म्हणून जावई समोरच्या भिंतीत खिळा ठोकायला लागला. चिमणीने खेळाचं नाव जाड, पांढऱ्या अक्षरांत बसवलं. काका तिच्या मागे उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. खोलीत रंगाचा, टर्पेंटाइनचा वास दाटला होता. मागे ठक… ठक… चालू होतं. खिळा केव्हाच आत गेला असणार, असं काकांच्या मनात आलं. आवाजही आता लाकडासारखा नव्हता की लोखंडासारखा. मऊ येत होता.

"काका," चिमणी हळूच म्हणाली, "तुम्ही चेहरा कधी काढला?"

त्यांनी पाहिलं. तिकिटाएवढ्या चित्रात दारातल्या माणसाला चेहरा होता. चिमणीने चित्र मोठं केलं, तर काळं भोक. लहान केलं, तर पुन्हा चेहरा. गोल हनुवटी, भिडस्त ओठ. रोज सकाळी उशीवर दिसणारा चेहरा तिने ओळखला…

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं.

जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. खिळा पूर्ण आत गेला होता. त्याने आपला डावा अंगठा भिंतीवर टेकवला होता आणि तो त्यावर हातोडी मारत होता, एका लयीत, मन लावून. अंगठा आता अंगठा राहिला नव्हता. रक्त कोपरावरून ओघळून फरशीवर ठिबकत होतं. त्याच्या तोंडून हूं की चूं नाही. मग तो वळला. चेहरा जिथल्या तिथे होता, पण त्यात कोणी नव्हतं.

पहिला घाव चिमणीच्या खुर्चीवर बसला, कारण काकांनी तिला ढकलून दिलं होतं. दुसरा काकांच्या उजव्या खांद्यावर. हाड सुक्या फांदीसारखं मोडलं आणि ते फळीशेजारी कोसळले. चिमणी न्हाणीघरात शिरली, तिने कडी लावली. तो सावकाश, पाय न उचलता, तिकडे गेला.

एक घाव. दुसरा घाव. दाराची फळी चिरली. भोकातून हात आत गेला, आणि आतून चिमणीची किंकाळी आली. त्याने तिचे केस धरले होते. बाहेरून तो ते ओढत होता आणि तिचं डोकं आतून दारावर आदळत होतं. दुसऱ्या हाताने तो भोक मोठं करत होता.

काकांना एकच गोष्ट कळत होती. रिकामी जागा भरायची. पण कोणाच्या चेहऱ्याने? आयुष्यभर त्यांनी पाट्यांवर नायक रंगवले, खलनायक रंगवले, आया रंगवल्या. ते सगळे चेहरे कोणाचे ना कोणाचे होते. देऊन टाकायला त्यांच्या हक्काचा असा एकच होता, स्वतःचा.

उजवा हात उचलत नव्हता. ब्रश कुठे उडाला होता, देव जाणे. त्यांनी डाव्या हाताचं बोट पांढऱ्या रंगात बुडवलं. बोटावर रक्तही होतं, ते रंगात मिसळलं. कपाळ, बसलेले गाल, पांढऱ्या मिशा. दारावर घाव पडत होते. एक डोळा झाला. चिमणी "काका" म्हणून ओरडली, मग तिचा आवाज येईनासा झाला. त्यांनी दुसऱ्या डोळ्यात ठिपका ठेवला.

घाव थांबले.

जावई दारापाशी खाली बसला होता. लहान मुलासारखा हात पुढे करून तो विचारत होता, "माझं बोट का दुखतंय?"

चिमणी वाचली. कपाळावर टाके पडले. शिडी पडली, असं तिघांनीही डॉक्टरांना सांगितलं. घर साफ करताना तिने सगळं शोधलं, पण हातोडी काही मिळाली नाही. मुखपृष्ठ तिने फळीचा नवा फोटो काढून ठरल्या दिवशीच पाठवलं होतं, टाके घातलेल्या कपाळाने. काकांनीच हट्ट धरला होता. चेहरा भरलेला आहे, आता भीती नाही, असं ते म्हणाले होते.

नंतर एका दुपारी ती काकांकडे आली. ते अंथरुणावर पडून होते. खांदा मोडल्यापासून त्यांचा उजवा हात निर्जीव होता. तो पांघरुणाखालीच असायचा. तिने मोबाइल पुढे केला. लोक थांबतात काका, ती म्हणाली. दारातला म्हातारा बिचारा किती मायाळू दिसतो आणि तरी भीती वाटते, असं लिहितात.

काकांनी सवयीने डोळे बारीक केले. तिकिटाएवढ्या चित्रात त्यांचा चेहरा जिथल्या तिथे होता. फक्त मूठ रिकामी होती.

पांघरुणाखाली, इतके दिवस काही न कळणाऱ्या त्यांच्या उजव्या हाताला काहीतरी गार लागत होतं. बोटं आपोआप त्याभोवती मिटत होती.

"चिमणे," ते मायेने म्हणाले, "आता घरी जा, बाळा. आणि जाताना… बाहेरून कडी घाल."