मधल्या फ्रेम्स

कॉम्प्युटरला घाबरायचं नसतं, घाबरायचं ते लग्नघरच्या लोकांना, असं मयूरीचं स्पष्ट मत होतं. सोडाला मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात एकच टेबलफॅन, आणि मे महिन्यातही त्याचं तोंड माणसांकडे नसून कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे. त्यावरून आई, मीराबाई, रोज कुरकुर करी. आसपासचे फोटोग्राफर लग्नांच्या कॅसेट्स मयूरीकडे एडिटिंगला आणून टाकत, आणि ती खुशाल सगळ्या जगाच्या वरमाया कापत बसे.

या खेपेला मात्र काम घरचं होतं. वडील भीमराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, त्या समारंभाची फिल्म. थोरला भाऊ संकल्प अमेरिकेत. त्याला रजा मिळाली नव्हती, बापलेकांची कित्येक वर्षांत गाठभेट नव्हती. आता निदान डीव्हीडीत तरी त्यानं बाबांना पाहावं म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आजच्या कुरिअरनं ती जायलाच हवी होती.

मेख अशी, की आपला कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे फ्रेम्स, टिपतो आणि तिकडचे टीव्ही तीस मागतात. कमी पडणारी पाच सॉफ्टवेअर स्वतःच रचतं, शेजारच्या दोन चित्रांची सरमिसळ करून. परदेशी नातेवाइकांसाठी मयूरीनं हे कितीदा तरी केलं होतं.

फिल्म तयार झाली आणि ती पाहायला बसली. हॉलमधलं स्टेज, झेंडूच्या माळा, सहकाऱ्यांनी बाबांच्या डोक्यावर हौसेनं बांधलेला केशरी साफा. भाषणं करणारे गुळगुळीत चालत होते. कॅमेरा बाबांवर आला की चित्र हिसके खाई. दुसऱ्या कुणावर नाही, फक्त बाबांवर.

तिनं नेहमीचे संशयित धरले. चित्राच्या ओळींचा क्रम उलटून पाहिला, दर्जा वाढवला, फाइल दुसऱ्या डिस्कवर नेली. हिसके जागच्या जागी. शेवटी ती एकेक फ्रेम पुढे सरकवत बघू लागली.

कॅमेऱ्याच्या फ्रेम्समध्ये बाबा होते. मग सॉफ्टवेअरनं रचलेली फ्रेम आली. तिच्यात शेजारच्या साहेबांचा हात दुहेरी, पुसट दिसत होता, सरमिसळीत दिसतो तसाच. बाबांची खुर्ची रिकामी होती. पाठीचं लाल रेक्झिन फाटून आतला पिवळा फोम बाहेर आलेला.

 सरमिसळ होते ती असलेल्याची. बाबा समारंभभर त्या खुर्चीला टेकून बसले होते, मग हा फोम सॉफ्टवेअरनं आणला कुठून?

"बाबा, स्टेजवरच्या तुमच्या खुर्चीची पाठ फाटलेली होती का?" तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं.



"मी तिला पाठ लावून बसलो होतो, मले काय माहीत?" भीमराव म्हणाले. "झालं काय तुयं? कुरिअरवाला निघून जाईल ना."

"होतंय, बाबा. मतलब, जवळपास झालंच आहे."

तिनं सरमिसळीचा पर्याय सर्वांत वरच्या दर्जावर नेला आणि पुन्हा एक्स्पोर्ट, म्हणजे नवी फिल्म बनवायला, लावला. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. फॅन घरघरत होता, बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आत आई बाबांशी बोलत होती.

"ऐकून राहिले ना?" मीराबाईंचा आवाज. आणि थोड्या वेळानं, जरा चढून, "अहो, काहून गप्प झाले असे मध्येच?"

"मी कुठं गप्प झालो? बोलूनच तर राहिलो."

मग कप फुटल्याचा आवाज आला. मयूरी धावली. बाबा उभे होते, चहा पायांवर उडाला होता, आणि ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"निसटला नाही गं," ते हळूच म्हणाले. "मी तर धरून होतो."

निळी पट्टी अजून सरकत असणार, हे मयूरीच्या लक्षात आलं. ती तशीच मागे वळली आणि चालू एक्स्पोर्ट रद्द केला. अर्धवट तयार झालेली फिल्म तिनं उघडली. हिसके गेले होते. चित्र इतकं सुरेख चालत होतं, की कुणीही शाबासकी दिली असती. बाबा थोडे फिकट वाटत होते, इतकंच. तिनं एकेक फ्रेम पाहिली. आता रिकाम्या खुर्चीच्या फ्रेम्स सेकंदाला पाचावर थांबत नव्हत्या.

तिनं दोन्ही एक्स्पोर्ट पुसून टाकले.

मूळ कॅसेट हवी होती. पण काम कॉम्प्युटरवर चढलं की कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, हा तिचा शिरस्ता. बाबांच्या कॅसेटवर कालच बस्सी गावचं एक लग्न चढलं होतं. उरली होती ती कॉम्प्युटरवरची मूळ फाइल. तिला अजून कुणी हात लावला नव्हता. सॉफ्टवेअरनं रचलेलं तिच्यात काहीच नव्हतं, सगळं कॅमेऱ्यानं पाहिलेलं.

तिनं ती उघडली.

बाबा. बाबा. रिकामी खुर्ची. बाबा.

तिनं कॉम्प्युटरची वायरच उपटली.

फोन वाजला. भीमरावांनीच उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. "जय भीम बेटा, जय भीम. हो, आज पाठवतेच मयूरी."

"पाठवत नाही म्हणा," मयूरी म्हणाली.  "त्याला म्हणा तू ये. लवकर ये."

भीमरावांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. फोनमधून संकल्पचा बारीक आवाज तिला ऐकू येत होता.

"बाबा? तुमचा आवाज सारखा तुटतोय. बाबा?"

"लाइन खराब असंन," भीमराव हसत म्हणाले. "मी इथंच तर आहो."

मयूरीनं पुढे होऊन त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. हात ऊबदार होता, ओळखीचा, खरखरीत. तिनं तो गच्च धरला, आणखी गच्च.

मधूनमधून तिची बोटं स्वतःच्याच तळव्यात रुतत होती.